लॉरीचं तेल कुठे जात होतं

माझ्यावर आयुष्यात एकदाच चोरीचा आळ आला, आणि तोही इंजिनात घालायच्या तेलाचा. सोनं नाही, मासळी नाही, तेल. आळ घ्यायचाच होता तर जरा बरी वस्तू तरी निवडायची! पण गावाने माझ्यासाठी हीच निवडली. आणि ज्याने तो डाग एका वाक्यात पुसायला हवा होता, त्यानेच तो नीट चोळून बसवला. हे मी इतकी वर्षं कुणाला धड सांगितलेलं नाही. सांगायला बसलो की माझा आवाज चढतो आणि घरातले म्हणतात, जाऊ द्या आता. मला जाऊ द्यायचं नाही, म्हणून लिहितो आहे.

दुसरी मोठी लढाई संपल्यावर लष्कराने जुन्या लॉऱ्या विकायला काढल्या. आमच्या अर्नाळ्यातल्या काही होडीवाल्यांनी मिळून त्यातली एक घेतली. तोवर मासळीच्या टोपल्या बैलगाडीने विरार स्टेशनात जायच्या. बैलांची मर्जी असली तर मुंबईची गाडी मिळायची, नाही तर मासळी फलाटावर मऊ पडत बसायची. लॉरी आली तेव्हा लोकांनी तिला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला, आणि होडीला घालतात तसा हारही घातला. ती तशी म्हातारीच होती. दाराला काच नव्हती, आणि पुढच्या मडगार्डला एक भोक होतं. ते गोळीचं आहे असं लोक पाहुण्यांना दाखवायचे. मला विचाराल तर ते गंजाचं होतं. पण इंजिन चांगलं होतं. हे मी छातीवर हात ठेवून सांगतो, कारण ती चालवणारा मीच होतो.

गावात लॉरी चालवता येणारा मी एकटा. त्याचं कारण फारसं अभिमानाचं नाही. कोळ्याच्या घरात जन्माला येऊन मला होडी लागायची. किनारा दिसेनासा झाला की माझं पोट ढवळायचं, आणि मी जाळ्याऐवजी होडीची कड धरून बसायचो. गावाने माझी इतकी टिंगल केली की मी समुद्राकडे तोंड करून उभं राहायचंही टाळायला लागलो. एकटा दादा कधी हसला नाही. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. वडिलांची होडी वादळात गेली ती परत आली नाही, आणि मला वाढवलं ते त्याने. तो तांडेल होता, म्हणजे होडीवर त्याचा शब्द शेवटचा. लढाईच्या दिवसांत त्यानेच ओळख काढून मला लष्कराच्या तळावर गाड्या धुवायला लावलं. "दर्या नाय तर नाय, जमिनीवर तरी कायतरी धर," म्हणाला. तिथे मी आधी क्लीनर झालो आणि मग ड्रायव्हर. गावात लॉरी आली तेव्हा दादानेच सगळ्यांपुढे सांगितलं, "माझा भाऊ चालवील. त्याची हमी माझी." लॉरीत दादाचाही भाग होता, त्यामुळे त्याचं ऐकलं गेलं. त्या दिवसापासून मला गावात नाव मिळालं. ज्यांनी मला ओकताना पाहिलं होतं ते लोक मला हाक मारून विचारायला लागले, गाडी किती वाजता सुटणार?

आमच्याकडे होडीच्या मिळकतीचे वाटे पडतात. खलाशांचे, तांडेलाचा, जाळ्यांचा, आणि खुद्द होडीचा. होडी जेवत नाही, पण तिला डांबर लागतं, दोर लागतो, फळी बदलावी लागते, म्हणून तिचा वाटा बाजूला काढायचा आणि त्याला कुणी हात लावायचा नाही. लॉरीलाही तसाच वाटा ठरला. तिचं तेल, तिचे टायर, तिची दुरुस्ती, सगळं त्यातून. आता हे नीट लक्षात घ्या. आमच्यात कुणी कुणाची कोंबडी पळवली तर चार शिव्या बसतात आणि मिटतं. पण होडीचा वाटा खाणाऱ्याला पुन्हा कुठल्या कामावर घेत नाहीत, आणि त्याला मुलगी द्यायला कुणी तयार होत नाही. लॉरीचं तेल चोरणं म्हणजे होडीचा वाटा खाणं. माझं लग्न व्हायचं होतं, आणि स्टिअरिंग सोडून मला दुसरं काही येत नव्हतं.

नारळी पौर्णिमेनंतर मासेमारी सुरू झाली आणि पुढच्याच एका उधाणाला आगाशीच्या अलीकडे खाडीचं पाणी रस्त्यावर चढलं. मी लॉरी हळूहळू पाण्यातून काढली. दादा त्या दिवशी मागे टोपल्यांवर बसून आला होता. विरारला पोचल्यावर तो बराच वेळ खाली वाकून लॉरीच्या पोटाकडे बघत राहिला. मला वाटलं, कौतुकाने बघतोय. त्यानंतर थोड्याच दिवसांत लॉरी तेल खायला लागली.

सुरुवातीला मी मनावर घेतलं नाही. जुनी गाडी थोडंफार तेल टाकतेच. पण बघता बघता रोज सकाळी तेल मोजायची पट्टी काढून पाहावं तर तेल खाली गेलेलं. मी डब्यातून भर घालायचो, विरारला जाऊन यायचो, आणि पुन्हा खाली. दोन सफरींत डबा रिकामा व्हायला लागला. तेव्हा तेल मिळायची मारामार होती. लॉरीचा वाटा तेलातच संपायला लागला आणि होडीवाल्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या.

त्यांतला एक नाखवा होता. त्याच्या सगळ्यांत जास्त होड्या, म्हणून आवाजही सगळ्यांत मोठा. त्याने एक युक्ती काढली. घरची परात आणली आणि लॉरी उभी असताना तिच्या पोटाखाली ठेवली. रात्रभर परात तशीच. सकाळी काढली तर तळाशी जेमतेम पळीभर तेल. नाखव्याने ती परात हातात धरून गावभर फिरवली. "येवढं गळतं. मंग बाकीचं जातं कुठं?"

आता ह्याला काय म्हणावं! होडी किनाऱ्याला बांधलेली असो की दर्यावर असो, फट असेल तर पाणी यायचंच. जन्मभर होड्या पाहिलेल्या माणसांना लॉरीही तशीच वाटली. उभ्या गाडीचं तेल थंड असतं, तळाशी बसलेलं असतं. गाडी पळते तेव्हा ते तापून पातळ होतं, उसळतं, आणि जे गळायचं ते रस्त्यावर गळत जातं. मी हे सांगून सांगून थकलो. पण परात सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिली होती, आणि माझं बोलणं नुसतंच बोलणं होतं. दादाही परात बघायला आला होता. बघून तो तसाच घरी गेला.

लगेच कुजबुज सुरू झाली. मी विरारला तेल विकतो. नवी दारूबंदी आली आहे, चोरटी दारू महाग पडते, म्हणून विकतो. मी, ज्याच्या पोटात ताकसुद्धा नीट राहत नाही, तो म्हणे दारू पितो! हॉटेलात मी शिरलो की बोलणं थांबायचं. काल गाडीची वेळ विचारणारी माणसं आज माझ्या खिशाकडे बघायची. मला राग आला तो नाखव्याचा नाही. तो तसाच होता. राग आला तो ज्यांच्या आजाऱ्यांना मी पावसात गाडी काढून डॉक्टरकडे नेलं होतं त्यांचा. त्यातल्या एकालाही म्हणावंसं वाटलं नाही की हा असं करायचा नाही.

होडीवाल्यांची बैठक बसली. भांगाचे दिवस होते. भांगाला पाण्याला ओढ नसते, जाळी टाकून उपयोग नसतो, म्हणून आमच्या सगळ्या बैठका तेव्हाच होतात. नाखवा म्हणाला, "पुढच्या भांगापर्यंत दाखव तेल जातं कुठं. नाय तर चावी ठेव आनी मोकळा हो." दादा कोपऱ्यात बसला होता. मी त्याच्याकडे पाहिलं, त्याने मान खाली घातली. मला वाटलं, भावावर आळ आला म्हणून त्याला लाज वाटते आहे. मला उलट त्याचीच कीव आली.

मग मी लॉरीच्या मागे लागलो. सकाळची मासळी टाकून आलो की दुपारभर तिच्या खाली. आधी सगळं इंजिन घासलेटाने धुतलं. लष्करापासूनची चिकट काजळी होती, ती खरवडून काढली. कोरडं केल्यावर भट्टीवरून शिंपल्यांचा चुना आणला, वस्त्रगाळ केला, आणि खालून वरून सगळ्या इंजिनाला फासला. पांढरंफेक झालं. माझं तोंडही. वहिनी म्हणाली, हळद लागायच्या आधीच चुना लागला. विरारला जाऊन आलो आणि खाली शिरून पाहिलं. पांढऱ्यावर तेलाची वाट लगेच दिसते. तळाच्या, तेल साठायच्या चेंबरच्या कडेने काळा ओघळ उतरला होता.

सापडलं, असं मला वाटलं. चेंबर उतरवलं, जुनं पॅकिंग कडक होऊन पिचलं होतं, ते विरारच्या गॅरेजातून नवं आणून बसवलं, बोल्ट एकसारखे आवळले. पुन्हा चुना, पुन्हा विरार. चेंबर कोरडं! पण आता बाजूच्या झाकणाखालून ओघळ. तेही पॅकिंग बदललं. मग तेल मागच्या सीलमधून यायला लागलं, आधीपेक्षा जोरात. मी खाली पाठीवर पडून त्या सीलला अशा शिव्या दिल्या की जवळून जाणारी एक म्हातारी थांबली आणि विचारायला लागली, आत कोण आहे?

ते सील बदलायचं तर सगळं इंजिन उतरवायला लागणार होतं, आणि भांग जवळ आला होता. मी चिडून गाडीखालून निघालो, बॉनेट उघडून बसलो आणि विचार करायला लागलो. एक भोक बुजवलं की दुसरीकडून येतं, ते बुजवलं की तिसरीकडून. पॅकिंग एकदम तीन ठिकाणी कशी खराब होतील? आतून काहीतरी तेलाला ढकलतंय. मी इंजिन चालू केलं आणि वरचं, तेल ओतायचं झाकण फिरवायला गेलो. आटे सुटले आणि झाकण हातातून उडालं. आतून गरम धुराचा लोट असा आला की माझ्या भुवया भाजता भाजता राहिल्या.

इंजिन चालतं तेव्हा त्याच्या पोटात धूर आणि वाफ साठते. ती बाहेर जायला एक नळी असते. बाजूने निघते, खाली उतरते, आणि रस्त्याच्या बाजूला तोंड उघडं ठेवून लोंबत राहते. आमच्या लॉरीला तेवढी एकच वाट होती. ती बंद झाली तर आतला दाब जाणार कुठे? मिळेल त्या सांध्यातून तेल घेऊन बाहेर पडतो. मी खाली शिरलो. नळीचं तोंड चिखलाने आणि तेलाने माखलं होतं. मी इंजिन धुतलं होतं, पण नळीच्या ह्या शेवटच्या टोकाकडे कोण बघतो! चिखल काढला. तोंड उघडं नव्हतं. आत लाकूड होतं.

लाकूड म्हणजे नुसता खुंटा नव्हे. सागाचं निमुळतं बूच, त्यावर राळेत भिजवलेला कापूस गुंडाळून आत ठोकलेला, कडेला बरोबर कापून त्यावर डांबराचा हात फिरवलेला. होडीच्या फळ्यांच्या सांध्यात भरतात तसंच. पाण्याचा थेंब आत जायचा नाही, आणि धुराचा कण बाहेर यायचा नाही. मी पक्कडीने ते ओढून काढलं तेव्हा नळीने एक मोठा उसासा सोडला आणि माझ्या छातीवर काळा गाळ ओकला. बुचाच्या टोकाला एक तिरपी खाच होती. पुन्हा काढायचं झालं तर दोरी अडकवायला. अशी खाच मारायची पद्धत आमच्या वडिलांची, आणि वडिलांनंतर गावात ती एकट्या दादाची.

मला हसू आलं. खरंच सांगतो, त्या क्षणी माझ्या मनात राग नावालाही नव्हता. मी गाडीखाली पडून एकटाच हसलो. दादाने उधाणाच्या दिवशी खाली वाकून पाहिलं, त्याला लॉरीच्या पोटाला उघडं भोक दिसलं, आणि कुठल्याही तांडेलाने जे केलं असतं ते त्याने केलं. माझी गाडी बुडू नये म्हणून! मी झाकण लावलं, चुना फासला, विरारला जाऊन आलो. सगळं इंजिन पांढरं. मागच्या सीललासुद्धा नुसता ओलसर डाग. मी सुटलो होतो. गाडी सुटली होती. मी ते बूच फडक्यात गुंडाळून घरी नेलं.

दादा ओट्यावर जाळं सांधत बसला होता. वहिनी आत चुलीपाशी. मी बूच त्याच्या हातात दिलं. त्याने ते उलटंसुलटं केलं, अंगठा खाचेवरून फिरवला, आणि म्हणाला, "आता गळायचं नाय?"

"नाय. आत दाब धरत होता. आता थेंब पडत नाय."

"त्या दिशी पानी नळीपर्यंत आलं होतं. मना वाटलं, आत शिरंल. खाली उघडं भोक कोन ठेवतो?"

"दादा, होडीत पानी बाहेरून येतं. हिचा धूर आतून बाहेर जातो," मी म्हणालो, आणि पुन्हा हसलो. तो हसला नाही. बूच मुठीत धरून म्हणाला, "हे माज्याकडं राहू दे. बैठकीत मीच सांगीन. थोरल्या भावाची चूक धाकट्यानं चारचौघांत दाखवनं बरं दिसत नाय."

मला ते पटलं. आमच्यात ते बरं दिसतच नाही. आणि त्याने मागितलं असतं तर बूचच काय, मी लॉरीचं इंजिन काढून त्याच्या हातात दिलं असतं. बुचामुळे तेल गळत होतं हे मी सांगायच्या आधीच त्याने गळायचं विचारलं होतं. ही गोष्ट माझ्या लक्षात फार उशिरा आली.

आणखी एक गोष्ट मला माहीत होती, पण मी ती ह्या गोष्टीला जोडली नव्हती. त्या सुमारास होडीत इंजिन बसवायचं घाटत होतं. शिडावर किती दिवस राहायचं, सरकार मदत देतंय, एका तरी होडीत बसवून बघू, अशी बोलणी चालू होती. नाखवा आपल्या नव्या होडीत ते बसवणार होता, आणि ती होडी दादाच्या हाती द्यायचं जवळजवळ ठरलं होतं. गावातली पहिली इंजिनाची होडी, आणि तिचा तांडेल माझा भाऊ. मी हे विरारला भेटेल त्याला सांगत सुटलो होतो.

भांग आला. बैठक नाखव्याच्या अंगणात, उन्हं कलल्यावर. मी धुतलेला सदरा घालून गेलो होतो. लॉरी बाहेर उभी होती, कुणाला बघायची असेल तर बघा म्हणून चुन्यासकट. नाखव्याने आधी माझ्याकडून वदवून घेतलं की आता तेल लागत नाही. मी मोठ्याने सांगितलं, की सगळी गळती थांबली आहे, विरारला जाऊन आलं तरी पट्टीवर तेल जिथल्या तिथे असतं. मला वाटलं, लोक वाहवा करतील. नाखवा सगळ्यांकडे वळला.

"ऐकलं? इतके दिवस गळत होतं. बैठकीनं दम दिला आनी गळायचं थांबलं. आता सांगा, भोक लॉरीला होतं का मान्साला?"

लोक हसले. मी उभाच होतो. मला आधी समजेना, हे कशाला हसतात. मग समजलं. मी जेवढी चांगली दुरुस्ती केली होती तेवढा मी पक्का चोर ठरत होतो. मी दादाकडे पाहिलं. आता तो उठेल, कनवटीचं बूच काढेल आणि ह्या सगळ्यांची बोलती बंद करील.

दादा उठला. त्याने डोक्यावरची टोपी काढून हातात घेतली, आणि हात जोडले.

"पोर हाय. बापाविना वाढला. चुकला असंल, तर माज्याकडं बघून माफ करा. परत नाय व्हायचं, ही हमी माजी. त्याला गाडीवरून काढू नका."

त्याचा आवाज भरून आला होता. ते सोंग नव्हतं, हेच मला आजही सहन होत नाही. मी ओरडलो, "दादा, बूच! बूच दाखव त्यांना!" आणि जे झालं ते सगळं भडाभडा बोलून टाकलं. नळी, उधाण, कापूस, राळ, खाच. नाखवा म्हणाला, "मंग दाखव ना बूच." सगळे दादाकडे बघायला लागले. दादाने माझ्याकडे पाहिलंही नाही.

"खाली बस," तो हळूच म्हणाला. "झालं ते झालं. आता वाढवू नको."

कोपऱ्यातून कुणीतरी म्हणालं, "ज्यानं वाढवलं त्याच्यावरच ढकलतोय!" एक म्हातारा माझ्या बाजूला थुंकला. मग सगळ्यांनी दादाची समजूत घातली. कुणी त्याच्या खांद्यावर हात ठेवला, कुणी म्हणालं, तुझ्यासारखा भाऊ मिळायला नशीब लागतं. तांडेलाच्या शब्दाखातर मला कामावर ठेवायचं ठरलं. एकच अट. तेलाचा डबा यापुढे माझ्या ताब्यात राहणार नाही, तो दादाच्या कुलपात राहील, आणि लागेल तेव्हा मी त्याच्याकडून मागून न्यायचं.

मी घरी आलो तेव्हा वहिनी वाट बघत होती. तिला कुणीतरी सांगितलं असावं. दादा अजून आला नव्हता. मी विचारलं, "बूच कुठं हाय?" तिने चुलीकडे पाहिलं. नंतर पदराने डोळे पुसत म्हणाली, "परात बघून आले त्या दिसापासून त्यांना झोप नव्हती. बूच मारल्यापासूनच गळतंय, हे त्यांना तवाच समजलं होतं. पन इंजिनाला बूच मारनाऱ्याच्या हातात इंजिनाची होडी कोन देईल, सांग." म्हणजे तो आधीपासून जाणून होता. मी चुन्यात लोळत होतो, सीलला शिव्या देत होतो, तेव्हा तो रोज मला बघत ओट्यावर जाळं सांधत होता. वहिनीने ताट वाढलं. मी जेवलो नाही. पुढे कित्येक दिवस त्या घरचा घास माझ्या घशाखाली उतरला नाही, आणि मला राहायला दुसरं घर नव्हतं.

त्यानंतरही मी लॉरी चालवत राहिलो. दुसरं करणार काय? गंमत बघा, लॉरी इतकी चांगली कधीच चालली नव्हती. तेल जागचं हलत नव्हतं. दादाच्या कुलपातला डबा तसाच भरलेला राहिला, आणि जसजसा मी तेल मागेना तसतशी माझी चोरी आणखी पक्की होत गेली. लोक विचारायचे, "काय रे, तेल लागत नाय वाटतं आता?" आणि एकमेकांना डोळे घालायचे. नाखवा तर उलट माझ्याशी गोडीने वागायला लागला. सुधारलेल्या माणसाशी वागतात तसा.

एके दुपारी मी आगाशीच्या पुढे झाडाखाली लॉरी उभी केली, मूठभर चिंध्या घेतल्या आणि गाडीखाली शिरलो. त्या नळीत चिंध्या कोंबल्या की झालं. आठवड्याभरात पुन्हा तेल गळेल, गावाला दिसेल, आणि मी प्रामाणिक माणूस होईन. मी चिंध्या नळीच्या तोंडाशी धरल्या. इंजिन नुकतंच बंद केलं होतं, नळीतून अजून ऊब येत होती. ह्या इंजिनाने माझं काय वाईट केलं होतं? ज्यांनी केलं त्यांना सोडून मी त्याचा गळा दाबायला निघालो होतो. मला माझीच शिसारी आली. मी बाहेर निघालो, चिंध्या रस्त्याच्या कडेला टाकल्या आणि लॉरी सरळ घरी आणली. मनात म्हटलं, आता ह्या गावात राहायचं नाही.

दादा किनाऱ्यावर होता. नव्या होडीत इंजिन बसवायचं काम चाललं होतं, आणि तो बाजूला उभा राहून बघत होता. मी त्याला थोडं लांब बोलावलं आणि चावी त्याच्या हातात दिली. म्हणालो, मी जातो. मुंबईला कुठेतरी गाडीवर काम बघीन. त्याने थांब म्हटलं नाही. माझ्याकडे पाहिलं, चावीकडे पाहिलं, आणि मागे वळून होडीपाशी उभ्या असलेल्या लोकांकडे पाहिलं. मला वाटलं, आता तरी. इथे कुणी ऐकत नाही, आता तरी मला एकट्याला काहीतरी म्हणेल. दोन शब्द पुरले असते. मी तेवढ्यावर त्याला माफ केलं असतं आणि कदाचित राहिलोही असतो.

"लोकांनी इचारलं तर काय सांगू?" दादा म्हणाला.

"बैठकीत सांगितलंस तेच सांग," मी म्हणालो.

मी त्याच्या तोंडाकडे बघत होतो. त्याचा जीव भांड्यात पडला.